याप्य व्याधी आणि हरिनाम

गोंदिया जिल्ह्यात कीर्तनास गेलो की एक प्रश्न येतोच. “बुवा, कर्करोग अंगभर पसरला. आता औषध घ्यावं की नुसतं नाम?”

सज्जनहो, यात ‘की’ आला कुठून? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही कर्करोगावर मुंबईस उपचार घेतले. १९६८ साली गुरुकुंज मोझरीस देह ठेवला. त्याने भक्ती उणावली का? त्यांच्याच नावाचे कर्करोग रुग्णालय आज नागपुरास आहे.

आयुर्वेद व्याधीचे साध्य, याप्य, असाध्य असे भेद करतो. याप्य म्हणजे समूळ जात नाही, पण औषधपथ्याने आवरून धरता येतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: हा उपचार रोग घालवण्याचा, आवरण्याचा, की वेदना शमवण्याचा? दिवस किती वाढतील? त्यातले अंथरुणात आणि नागपूरच्या फेऱ्यांत किती जातील? रोग्यापासून काही लपवू नये, निर्णय त्याचा.

जड उपचार नको म्हणणे ही हार नव्हे. वेदनाशमन मात्र सोडू नये. तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देतात, हाडांच्या दुखण्यावर किरणोपचार असतो. कळ थांबली, तर मुखी नाम येते. तेही विठ्ठलाचेच देणे. रामकृष्णहरि!