थोरांनीही खेळावे

खेळ हा मुलांचा उद्योग, आणि थोरांनी खेळणे म्हणजे थोरपणास उणेपणा आणणे, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून आज दृढ झालेली दिसते. मूल सायंकाळी घरात बसून राहिले तर आपण त्यास बाहेर पिटाळतो. परंतु चाळिशीचा गृहस्थ अंगणात चेंडू घेऊन उभा राहिला तर आपणच हसतो. या समजुतीस आपल्या देवळांच्या परंपरेचा आधार आहे काय, हे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या फोंडे महालातील माशेल गावाचे उदाहरण घेऊ. तेथील देवालयात देवकी आणि तिच्या कडेवर बाळकृष्ण, अशी मूर्ती आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीस, देवालयासमोरील मैदानावर चिखलकाला होतो. अंगास तेल लावलेले पुरुष व मुले विठ्ठलाचा गजर करीत पावसाने भिजलेल्या मैदानात उतरतात, चिखलात लोळतात, कृष्णाच्या बाळलीलांची आठवण देणारे खेळ खेळतात आणि अखेरीस दहीहंडी फोडतात. येथे थोर माणसे कडेला उभी राहून केवळ मुलांचे कौतुक करीत नाहीत. ती स्वतः खेळतात, आणि देवाच्या नावाने खेळतात.

स्त्रियांसाठीही परंपरेने अशीच सोय केलेली आहे. पौषातील रात्री मांडावर धालो रंगतात. श्रावणात मंगळागौरीस झिम्मा-फुगडीचा फेर धरला जातो. या खेळांतील मुख्य खेळगडी संसारी स्त्रियाच होत. दिवसभर चूल आणि शेत सांभाळणाऱ्या स्त्रीस काही रात्री तरी तिच्या स्वतःच्या असाव्यात, हा त्यामागील हेतू असावा असे आम्हांस वाटते. पूर्वजांनी खेळ माणसाच्या लहरीवर सोडला नाही. एकादशीप्रमाणे त्यालाही पंचांगात जागा दिली.

शास्त्राची दृष्टीही विचारात घेण्याजोगी आहे. ईश्वरास काही मिळवावयाचे नसता त्याने सृष्टी का निर्माण केली, या शंकेचे समाधान ब्रह्मसूत्रांत ‘लीला’ या कल्पनेने केलेले आहे. जे लाभासाठी नव्हे, केवळ आनंदातून होते ती लीला. आपले बहुतेक व्यवहार लाभासाठी असतात. खेळात मात्र घटकाभर का होईना, लाभाचा हिशेब सुटतो.

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमचे वडील पौरोहित्य करतात, वय ५८. आई गेल्यापासून ते पूजा, जेवण आणि झोप यांपलीकडे फारसे बोलेनासे झाले होते. गतवर्षी त्यांना घेऊन आम्ही माशेलला गेलो. आम्ही स्वच्छ कपडे सांभाळीत, मोबाइलवर चित्रफीत घेत कडेला उभे राहिलो. बाबांनी सदरा काढून आमच्या हाती दिला आणि ते खाली उतरले. हात धरून केलेल्या रिंगणात ते दोनदा पडले आणि मोठ्याने हसले. ते हसणे आम्ही फार दिवसांनी ऐकले.

परत येताना आम्ही विचारले, “बाबा, पाय मुरगळला असता तर?”

ते म्हणाले, “तर तेल चोळले असते. अरे, देवळात मला सगळे भटजी म्हणतात. तिथे एकाने ‘अरे, धर हात!’ म्हणून ओढले. किती वर्षांनी मला कुणी ‘अरे’ म्हटले!”

त्या शब्दांनी आम्ही विचारात पडलो. वय वाढते तसा मान वाढतो, परंतु बरोबरीचे कोणी उरत नाही. घरी तो वडील, कचेरीत साहेब, देवळात महाजन. खेळाच्या मैदानात या पदव्या कडेला ठेवाव्या लागतात, आणि माणसाला पुन्हा सोबती मिळतो. व्यायाम एकट्यानेही होतो. हा लाभ मात्र खेळातच आहे.

शरीराचे हित तर आहेच. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. मर्यादा मात्र पाळावी. अष्टांगहृदयात वाग्भटाने बलवान माणसासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला असून वृद्धांस तो वर्ज्य केला आहे. आजचे वैद्यक वृद्धांनाही झेपेल तेवढी हालचाल आणि तोल सांभाळण्याचा सराव करण्यास सांगते. हृदयाचे किंवा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चिखलकाल्यानंतर आम्ही चार घरांनी रविवारी सायंकाळी लगोरी खेळण्यास आरंभ केला. “देवळाच्या आवारात पोरखेळ नको,” असे एका वडीलधाऱ्या महाजनांनी सांगितले. आरतीच्या वेळी गलका होऊ नये, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही अग्रशाळेमागील मोकळ्या जागेत गेलो. कधी पंधरा माणसे येतात, कधी तीनच. बाबांचा नेम अद्याप चुकतो, पण रविवारी दुपारपासूनच ते घड्याळ पाहू लागतात.

महाजन व कुळावी मंडळींस आमची तीन बाबतींत विनंती आहे. पहिली, आठवड्यातील एक सायंकाळ घरातील सर्वांनी बाहेर खेळण्यासाठी राखावी. दुसरी, त्या सायंकाळी घरातील स्त्रियांचे काम सर्वांनी वाटून घ्यावे. नाहीतर खेळ पुरुषांचा आणि भांडी स्त्रियांची, असे व्हावयाचे. तिसरी, आपल्या ओळखीत जो कोणी एकटा पडला असेल त्यास केवळ पाहावयास बोलावू नये. त्याचा हात धरून त्यास रिंगणात घ्यावे.

येत्या द्वादशीस आम्ही कडेला उभे राहणार नाही.