सैन्य दिसलं, पण कशासाठी आलं?

आजचे वाचन : वाल्मीकि रामायण, अयोध्याकांड, सर्ग ९६-९७



गेलं वर्षभर रात्री मी बोटभर उंचीचे सैनिक रंगवतोय, टेबलावरच्या लढायांचे डाव आखतोय. या खेळात समोरून येणारी तुकडी शत्रूचीच असते. हळूहळू नजरही तशीच होते.

चित्रकूटावर लक्ष्मण झाडावर चढतो. भरताचं सैन्य दिसताच तो युद्धाला सज्ज होतो. राम त्याला शांत करतो. सैन्य दोघांसाठी तेच. पण रामाला भरताचं मन ठाऊक आहे.

पवनारला विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना याच भरत-राम भेटीचं शिल्प सापडलं. रविवारी त्यासमोर उभा होतो. खिशातल्या फोनमध्ये दादाचा मेसेज होता, "घराच्या वाटणीचं बोलायचंय." मी मनात तीन प्रतिहल्ले तयार ठेवले होते.

बाहेर धाम नदीकाठी येऊन फोन लावला. "दादा, तुझ्या मनात काय आहे ते आधी सांग." वाटणी अजून ठरलेली नाही. पण अर्धा तास आम्ही भाऊ म्हणून बोललो.

आजचा अभ्यास : ज्याच्या मेसेजची धास्ती वाटते, त्याला उत्तर देण्याआधी एकदा विचारा, "तुझ्या मनात काय आहे?"