प्रवास-सल्ला, रद्द झालेली सहल आणि परताव्याचे अर्थकारण

२ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर शासनाच्या गृह विभागाने एक सुरक्षाविषयक सूचना प्रसृत केली. अमरनाथ यात्रेवर दहशतवादी हल्ल्याचा धोका असल्याची गुप्तवार्ता लक्षात घेऊन यात्रेकरूंनी व पर्यटकांनी काश्मीर खोऱ्यातील मुक्काम आटोपता घ्यावा आणि लवकरात लवकर परतावे, असा तिचा आशय होता. यात्रा १५ ऑगस्टपर्यंत चालावयाची होती. सूचनेची भाषा सल्ल्याची होती, मनाईची नव्हती. तरीही खोऱ्यातील पर्यटक मोठ्या संख्येने परतले आणि ज्यांचे जाणे बाकी होते त्यांना आपले बेत रद्द करावे लागले. शासनाचा शब्द मानणाऱ्या या नागरिकांनी आगाऊ भरलेल्या पैशांचे काय?

ग्राहकाच्या तक्रारीसारखा दिसणारा हा प्रश्न वस्तुतः जोखमीच्या विभागणीचा आहे. शासकीय सल्ल्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही, म्हणून तो फुकट आहे असा समज होतो. त्याचा खर्च प्रवासी, विमान कंपनी, सहल संयोजक आणि हॉटेलचालक यांच्यापैकी कोणावर तरी पडतोच. तो सर्वस्वी प्रवाशावर टाकला तर सल्ल्याची परिणामकारकता घटते. पाठ्यपुस्तकातील विवेकी मनुष्य बुडीत खर्च विसरतो खरा. परंतु येथे विवेकही जाण्याच्याच बाजूने झुकतो. पैसे परत मिळणारच नसतील, तर सहलीस जाण्याचा जादा खर्च जवळपास शून्य असतो. याउलट परताव्याची हमी असेल, तर घरी राहणाऱ्यास काही तरी मिळते आणि सल्ला मानणे परवडते. परताव्याचे नियम हे अशा रीतीने सार्वजनिक सुरक्षेच्या धोरणाचाच भाग ठरतात, आणि आपल्याकडे या अंगाची चर्चा फारच थोडी होते.

अर्थात सारा भार दुसऱ्या बाजूवर ढकलणेही न्याय्य नव्हे. श्रीनगरमधील हाउसबोटीच्या मालकाने हा धोका निर्माण केलेला नसतो. प्रवाशाने दिलेली आगाऊ रक्कम हेच पुष्कळदा त्याचे खेळते भांडवल असते आणि ते डागडुजीत व किराण्यात खर्ची पडलेले असते.

सल्ला आणि आदेश

कायद्याचा पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये आहे. करार झाल्यानंतर तो पार पाडणे अशक्य किंवा बेकायदा झाले, तर कलम ५६ नुसार तो निरर्थक होतो. आणि करार निरर्थक झाल्यावर ज्याला त्यातून लाभ मिळाला असेल त्याने तो परत केला पाहिजे, असे कलम ६५ सांगते. ‘अशक्य’ हा शब्द शब्दशः घ्यावयाचा नाही, कराराचा मूळ हेतूच नष्ट झाला असेल तरी कलम ५६ लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर या प्रकरणात स्पष्ट केले. परंतु अशा घटनेसाठी करारातच तरतूद असेल तर प्रथम ती तरतूद पाहावी लागते, कलम ५६ नव्हे. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणातील निर्णयाने हा भेद अधोरेखित केला आहे. म्हणून पावतीच्या मागील बारीक अक्षरांतील अटी वाचल्याशिवाय परताव्याविषयी मत देऊ नये.

आदेशाने प्रवास अशक्य होतो. सल्ल्याने तो केवळ असमंजसपणाचा ठरतो. सल्ला मानून प्रवाशाने स्वतः आरक्षण रद्द केले, की कंपनी ते ‘स्वेच्छेने रद्द’ या सदरात टाकते आणि शुल्क कापते. सेवा देणाऱ्याने सेवाच रद्द केली, तर मात्र पूर्ण परताव्याचा दावा भक्कम होतो.

काश्मीरमध्येच २०२५ साली या पायऱ्या एकामागून एक पाहावयास मिळाल्या. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर पर्यटकांनी भीतीपोटी आरक्षणे रद्द केली. दुसऱ्या दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने रद्दीकरण व तारीख-बदल शुल्क माफ करण्याचा विचार करावा, असे विमान कंपन्यांना सुचविले. म्हणजे येथे सल्ला प्रवाशाला नव्हे तर विक्रेत्याला होता. महिनाअखेरीस प्रशासनाने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. मे महिन्यात श्रीनगरसह ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद झाले आणि १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले. ठिकाण एकच, परंतु एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःहून तिकीट रद्द करणारा आणि मेमध्ये ज्याचे विमानच रद्द झाले तो, यांची कायदेशीर स्थिती अगदी भिन्न होती.

टाळेबंदीचा धडा

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबली. येथे सल्ला नव्हता, आदेशच होता; तरीही अनेक कंपन्यांनी रोख परतावा न देता रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढील प्रवासासाठी राखीव खात्यात, वळती केली. अर्थशास्त्राच्या भाषेत हे प्रवाशाकडून सक्तीने घेतलेले बिनव्याजी कर्ज होय. ‘प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तोडगा दिला. टाळेबंदीच्या काळातच त्या काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा तत्काळ द्यावयाचा होता. आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे १५ दिवसांत परत करण्याचा प्रयत्न करावयाचा होता. आर्थिक अडचणीतील कंपनीस ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची मुभा होती. मात्र त्यावर ३० जून २०२० पर्यंत दरमहा ०.५ टक्के आणि त्यानंतर दरमहा ०.७५ टक्के वाढ द्यावी लागणार होती.

१०,००० रुपयांच्या, १ एप्रिल २०२० रोजी रद्द झालेल्या तिकिटाचा हिशेब करून पाहावा. पहिल्या तीन महिन्यांचे १५० रुपये आणि पुढील नऊ महिन्यांचे ६७५ रुपये, असे ८२५ रुपये वर्षाअखेरीस जमा होतात. दर मोठा नाही. परंतु अडकलेल्या पैशाला किंमत असते, हे तत्त्व येथे मान्य झाले.

युरोपीय संघाने पॅकेज सहलींसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र निर्देश केला. गंतव्यस्थानी अपरिहार्य व असाधारण परिस्थिती उद्भवून सहलीवर लक्षणीय परिणाम होत असेल, तर प्रवाशास शुल्काविना करार संपविता येतो. त्यासाठी शासनाने अधिकृत सल्ला दिलाच असला पाहिजे असे नाही, असे तेथील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरविले. सल्ला तेथे पुरावा आहे, पूर्वअट नव्हे. भारतात पॅकेज सहलीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. प्रवासी करार अधिनियम आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांच्या आधारे दाद मागतो.

या दुसऱ्या अधिनियमाखाली तक्रार प्रवाशाच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात करता येते. भरलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. करारातील अटच अन्याय्य असल्याचा दावा मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावा लागतो. परीक्षेत हा भेद हटकून चुकतो. सल्ल्याची तारीख, आरक्षणाची तारीख आणि रद्द केल्याची तारीख यांचा क्रम कागदोपत्री सिद्ध करता आला पाहिजे. सल्ला प्रसृत झाल्यानंतर आरक्षण करणाऱ्याने जोखीम जाणूनबुजून पत्करलेली असते. प्रवास विम्याचे दावेही बहुधा याच कारणाने नाकारले जातात.

हक्क मान्य होणे आणि पैसा हाती येणे यांतील अंतर मध्यस्थांमुळे वाढते. विमान कंपनीचा परतावा एजंटाच्या खात्यात जातो आणि तेथेच रेंगाळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २७ जून २०२४ रोजी एका ऑनलाइन प्रवास कंपनीविरुद्ध दिलेल्या आदेशातून ही व्याप्ती दिसते. २०२१ मध्ये या कंपनीकडे ३६,२७६ आरक्षणांचे २६ कोटींहून अधिक रुपये परत करावयाचे राहिले होते. जून २०२४ पर्यंत ४,८३७ आरक्षणांचे सुमारे अडीच कोटी शिल्लक होते. तुमचे पैसे आम्ही परत करीत आहोत, हे त्या उरलेल्या प्रवाशांना दूरध्वनीवरून कळविण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच स्वतंत्र जागा ठेवाव्यात, असे प्राधिकरणाने कंपनीस फर्माविले. टाळेबंदीला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.