लेखनाचा पहिला धडा नाणेघाटातून

प्रश्न : आंबेगाव तालुक्यातील डोंगरी शाळेत मी दुसरीचा वर्ग शिकविते. निबंध म्हटला की मुले गप्प होतात. लेखनाची गोडी कशी लावावी?

उत्तर : निबंधाची सक्ती तूर्त तहकूब करावी. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटातील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची आकड्यांसह नोंद आहे; सुमारे २००० वर्षांपूर्वीचा तो मजकूर बव्हंशी यादीच होय, आणि बालकाचे स्वेच्छेने केलेले पहिले लेखनही पुष्कळदा यादीचेच असते. यास्तव प्रत्येक मुलाने आज आपण कोणास काय दिले, वासराला किती पेंढ्या, धाकटीला किती बोरे, हे पाटीवर लिहावे व शेजाऱ्याने मोठ्याने वाचावे. वाचणारा लाभला की लिहिणाऱ्यास हुरूप येतो.

त्याच घाटात जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. तसे एक मडके वर्गात ठेवून त्यात, हिरडा वेचताना काय दिसले, अशा चिठ्ठ्या मुलांनी टाकाव्यात. घरची बोली उतरली तर ती खोडू नये. या वयात शुद्धलेखनाचा तगादा हा मुलांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला अक्षर अजून जुळत नाही, त्याने सांगावे आणि आपण लिहून घ्यावे.