माळवद, खण आणि पांढरी : लातूर जिल्ह्यातील भूकंपधोक्याच्या मापनाविषयी

मराठवाड्यातील शेतकऱ्यास अवर्षणाचे माप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणेवारी, व नाणेपद्धती बदलल्यावर पैसेवारी, हा शब्द महसुली दप्तरातून बोलीत उतरला; पीक पन्नास पैशांच्या खाली आले म्हणजे टंचाई, हे निरक्षर माणूसही सांगे. भूकंपासाठी मात्र या प्रदेशापाशी असे रुळलेले माप नव्हते. जे होते ते नकाशात होते, आणि नकाशा चुकला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमाभागात किल्लारीजवळ सुमारे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. भारतीय मानकाच्या नकाशात हा प्रदेश तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर १९७० मध्ये नकाशा बदलला होता. किल्लारीनंतर २००२ मध्ये पहिला विभागच रद्द झाला. नकाशा दोन्ही वेळा भूकंपाच्या मागून आला.

तथापि नकाशा अचूक असता तरी त्यातून केवळ भूमीचा स्वभाव कळला असता. एवढ्या परिमाणाच्या धक्क्याने इतकी माणसे का दगावली, याचे उत्तर घरात शोधावे लागते. आणि भाषेच्या अभ्यासकाचा संबंध येथे येतो.

या भागातील घर खणांत मोजले जाई. लाकडी खांब व तुळया यांमधील अंतर तो खण. भोवतीच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, चिखलात रचलेल्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड. वर माळवद : तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ही माती बहुधा पांढरीची. गावाची शेतजमीन ती काळी व वस्तीची जागा ती पांढरी, हा भेद मराठी वाचकास परिचित आहे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून माळवदावर नवी माती पसरली जाई. जुनी क्वचितच काढली जाई. उन्हापासून व चोरापासून राखणारे घर अशा रीतीने, निगुतीने राखल्यामुळेच, वर्षागणिक जड होत गेले. भूकंपात पुष्कळ ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. माणसे भिंतींच्या दगडांखाली व मातीखाली गेली.

हिंदी वा अन्य भारतीय भाषांत ‘माळवद’ या शब्दाचे ‘छत’ असे भाषांतर केले की हा सर्व भार नाहीसा होतो. ग्रामीण मराठी कथेतील उन्हाळी रात्री माळवदावर निजणारी माणसे वाचताना आपणही तो भार विसरतो. अर्थात शब्द भविष्य सांगत नाहीत, हे येथेच म्हटले पाहिजे. १९९२ मध्ये किल्लारीत, विशेषतः ऑक्टोबरात, धक्के जाणवले होते. लोक घाबरलेही होते. परंतु धक्क्यांची नोंद एकीकडे आणि माळवदाचे वजन दुसरीकडे राहिले. दोहोंना एकत्र मांडणारी जिल्हापातळीवरील परिभाषा नव्हती. ही उणीव प्रस्तुत लेखकास नकाशाच्या चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. खण हे माप तेथे लागू नव्हते. जी जुनी घरे टिकली त्यांच्यासाठी अभियंत्यांनी सुचविलेले उपाय मात्र जुन्या शब्दांतच समजावता येण्याजोगे होते : माळवदावरील माती कमी करणे, आणि भिंतीच्या दोन्ही तोंडांना जोडणारे आरपार दगड बसविणे.