शालेय ग्रंथसंग्रह आणि वर्गीकरणाच्या दोन पद्धती

खेड्यातील शाळेचे कपाट उघडले असता पुस्तके बहुधा दाखल क्रमांकाने लावलेली आढळतात. तपासणीच्या वेळी हा क्रम सोयीचा खरा. परंतु भाताच्या पिकाविषयी वाचू इच्छिणाऱ्या मुलाला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. पुस्तक शाळेत केव्हा आले एवढेच त्यावरून कळते, ते कशाविषयी आहे हे कळत नाही.

मोठ्या ग्रंथालयांतही पूर्वी पुस्तकाला फळीवरील जागेचा अंक देत, आणि संग्रह वाढला की जुने अंक बदलावे लागत. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत अंक फळीला न देता विषयाला दिला. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे विभाग पाडत जावयाचे. ६०० हा उपयोजित शास्त्रांचा वर्ग, त्यात ६३० शेती, ६३३ शेतातील पिके आणि ६३३.१८ भात. हे पुस्तक ६३३.२ च्या आधी का येते, हे दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलास सहज समजते. किंबहुना गणिताचा तो एक चांगला पाठच होय.

मात्र या पद्धतीची घडण तिच्या जन्मभूमीला धरून आहे. इंग्रजी साहित्याला ८२० हा सुटसुटीत अंक, तर मराठी साहित्य ८९१.४६ इतके आत. धर्माच्या वर्गातही २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्माकडे, आणि इतर धर्म २९० मध्ये दाटीने बसलेले.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. तुकडे जोडून नाना वस्तू बनविण्याचे मेकॅनो हे खेळणे लंडनच्या एका दुकानात पाहून त्यांना वेगळी वाट सुचली. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू पद्धतीत प्रत्येक विषयाला तयार अंक नसतो. शेती, भात, रोग, प्रदेश असे विषयाचे घटक वेगळे पाडून त्यांची चिन्हे जोडावयाची. दोन चिन्हांमध्ये द्विबिंदू येई, म्हणून हे नाव. नव्या विषयाला यात जागा शोधावी लागत नाही. पद्धत बुद्धीला पटणारी, परंतु चिन्हे लांबतात व मुलांना ती वाचता येत नाहीत.

दोनतीनशे पुस्तकांच्या कपाटाला यांपैकी कोणतीही पद्धत संपूर्ण लावणे म्हणजे विहिरीसाठी धरणाचा आराखडा काढणे होय. माहितीपर पुस्तकांना ड्यूईंचे तीन अंक पुरेत. मराठी साहित्याची पुस्तके बहुधा निम्म्याहून अधिक. प्रत्येकाच्या पाठीवर ८९१.४६ लिहून काय साधणार? तेथे रंगनाथन यांच्या रीतीने भाषा आणि प्रकार जोडावेत: ‘म-गो’ म्हणजे मराठी गोष्टी, ‘म-क’ कविता, ‘म-ना’ नाटके. दाखल क्रमांक आतल्या पानावर आहे तसाच राहू द्यावा. पाठीवरील चिठ्ठ्या वरच्या वर्गातील मुलांकडूनच लिहवून चिकटवून घ्याव्यात.