रबर फाटलं तेव्हाच ऐकायला हवं होतं

कुंभार्ली घाटातल्या चढणीच्या वळणावर डाव्या चाकाकडून धाडकन आवाज आला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जायचं सोडून मागे सरकू लागली. ऑगस्टचा पाऊस, काचेबाहेर धुकं, शेजारी 74 वर्षांची माझी आई. चिपळूणहून दादाच्या घरून आम्ही दोघी कराडला परत निघालो होतो. मी ब्रेक दाबून धरला, सवयीने पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय थोडा सैल केला. गाडी गिअरमध्ये असूनही मागे घसरली. हँडब्रेक कचकन ओढला तेव्हा ती थांबली. मागून येणाऱ्या टेम्पोच्या क्लीनरने उडी टाकून चाकामागे दगड लावला. आईने माझा हात धरला होता, तो तिने पुढचा अर्धा तास सोडला नाही.

तुटला होता ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. आणि तो तुटण्याची सुरुवात त्याआधी चौदा महिने, साडेचारशे रुपयांच्या एका रबरापासून झाली होती. माझ्यावर जे गुदरलं ते इतरांवर येऊ नये, म्हणून हे सगळं हिशेबासकट लिहिते आहे.

कसं बिघडत गेलं

माझी गाडी दहा वर्षं जुनी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. आदल्या वर्षी जूनमध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मिस्त्रींनी मला रॅम्पखाली बोलावून दाखवलं होतं. डाव्या चाकामागचं घडीघडीचं काळं रबर एका घडीत चिरलं होतं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडाले होते. “ताई, बूट फाटलाय. किट साडेचारशेचं, मजुरी सहाशे. आत्ता करून घ्या, जॉइंट अजून चांगला आहे.” गाडी चालत होती, आवाज नव्हता, घरात मुलीच्या प्रवेशाची गडबड होती. “पुढच्या वेळी बघू,” म्हणाले आणि निघून आले.

अख्खा पावसाळा गाडी त्याच फाटक्या बुटावर चालली. दिवाळीच्या सुमारास पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर काढताना कट-कट-कट असा आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर दोन्ही बाजूंचे अख्खे शाफ्ट बदलायला सांगितले, अंदाजपत्रक 19,600 रुपयांचं. तो आकडा बघून मी घाबरले आणि थेट दुसऱ्या टोकाला गेले. मार्चमध्ये हायवेकडच्या एका दुकानात “रिकंडिशन” केलेला शाफ्ट 2,300 रुपयांत बसवून घेतला, वर मजुरी 500. अट एकच होती, जुना शाफ्ट त्यांना द्यायचा. मी तो देऊन टाकला. बिल नाही, गॅरंटी तोंडी. आवाज बंद झाला म्हणून मी समाधानी होते. पाच महिन्यांनी तोच जॉइंट घाटात उघडा पडला.

चाकामागे असतं काय

माझ्या वडिलांकडे पद्मिनी गाडी होती. त्या काळच्या पद्मिनी, ॲम्बॅसॅडर मागच्या चाकांवर चालायच्या, आणि सर्व्हिसिंगला खालच्या सांध्यांना ग्रीसगन मारून घेणं हा नेमच असायचा. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या घराघरांत पोहोचल्या. अशा गाडीत पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचं, वळायचं आणि खड्ड्यातून वरखाली व्हायचं असतं. म्हणून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक शाफ्टला दोन सांधे असतात. चाकाकडचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, त्यात साधारणपणे सहा पोलादी गोळ्या एका केजमध्ये बसवलेल्या असतात आणि त्या खाचांमधून सरकतात. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट, त्यात बहुतेक गाड्यांत तीन रोलर असतात.

या सांध्यांना ग्रीसगन लावायची सोयच नसते. कारखान्यात एकदा खास काळं ग्रीस भरून वर रबराचा बूट चढवतात आणि तेवढ्यावर तो जॉइंट लाखभर किलोमीटर, कधी त्याहून जास्त, बिनतक्रार चालतो. लक्ष द्यावं लागत नाही, म्हणूनच आपलं लक्ष जात नाही. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच फटीतून पाणी व बारीक माती आत शिरते. ग्रीस अधिक माती म्हणजे पॉलिश पेपरच. पोलाद पोलादाला खायला लागतं.

नखाची परीक्षा

गाडी टोइंग करून कराडला आणली. आमच्याच जुन्या मिस्त्रींनी ती खोलली आणि मला बाकड्यावर बसवून दोन्ही बाजूंचे जॉइंट शेजारी शेजारी ठेवले. डाव्या बाजूच्या रिकंडिशन जॉइंटची केज दोन ठिकाणी तडकली होती, गोळ्या बाहेर आल्या होत्या. मिस्त्रींनी खाच दाखवली. झिजलेली खाच ग्राइंडरने घासून त्यात जाड गोळ्या बसवल्या होत्या. खाचेच्या पृष्ठभागावर उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला पातळ थर असतो. घासताना तोच निघून गेला, खाली उरलं मऊ लोखंड. गाडी ठीक भासली ते महिने मी त्या मऊ लोखंडावर काढले होते.

मग उजवा जॉइंट. त्याचाही बूट चिरला होता, पण नुकताच, आत माती शिरली नव्हती. मिस्त्रींनी गोळ्या काढून डिझेलमध्ये धुतल्या, खाच फडक्याने कोरडी केली आणि माझा हात पुढे घेतला. “नख फिरवून बघा, ताई.” खाचेत गोळी फिरते तिथे चकचकीत पट्टा होता, नख सरळ सरकलं. मग डाव्या जॉइंटची खाच. तिथे नख अडकलं, खड्डा स्पष्ट लागला. “चकाकी असली तर चालेल. नख अडकलं की जॉइंट गेला, त्याला ग्रीसने काही होत नाही.” इतकं साधं परीक्षण मला कुणीच कधी दाखवलं नव्हतं.

उजवी बाजू नवा बूट, नवं ग्रीस, नवे क्लॅम्प घालून 1,050 रुपयांत झाली. डावीकडे माझा मूळ शाफ्ट मी अदलाबदलीत गमावलेला, त्यामुळे अख्खा नवा घ्यावा लागला. हिशेब मांडला तो असा: रिकंडिशनचे 2,800, टोइंग 4,500, नवा शाफ्ट 6,800, ऑइल सील आणि गिअर ऑइल 1,250, मजुरी 1,200. एकूण 16,550. मूळ शाफ्ट हातात होता तेव्हाच, दिवाळीत, फक्त बाहेरचा जॉइंट बदलला असता तर 3,300 मध्ये भागलं असतं. जूनमध्ये ऐकलं असतं तर 1,050 मध्ये.

दुरुस्त करायचं की बदलायचं?

आवाज नाही आणि फक्त बूट फाटला आहे: ताबडतोब बूट बदला. जॉइंट काढून, धुऊन, तपासून मगच नवं ग्रीस भरायला सांगा. जुन्या मातकट ग्रीसवर नवा बूट चढवणं म्हणजे घाण आत कोंडणं. ग्रीस किटसोबत येतं तेच वापरायचं आणि पूर्ण भरायचं. साधं व्हील बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही.

पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट-कट येते: बाहेरचा जॉइंट झिजला. शाफ्ट सरळ असेल, त्याचे दाते शाबूत असतील आणि तुमच्या गाडीला जॉइंट सुटा मिळत असेल, तर फक्त जॉइंट बदला. अख्खा शाफ्ट घ्यायची गरज नाही.

सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी थरथरते, रेस सोडली की थांबते: आतल्या जॉइंटचा संशय घ्या.

वेगासोबत वाढणारी एकसुरी घरघर: बहुधा व्हील बेअरिंग. त्यासाठी शाफ्ट बदलू नका.

दोन्ही जॉइंट वाजत आहेत, शाफ्ट गंजाने खाल्ला आहे किंवा वाकला आहे: मग अख्खा नवा शाफ्टच परवडतो. सुटे भाग आणि दुहेरी मजुरी मिळून तेवढेच पैसे जातात. पण एक बाजू बिघडली म्हणून दुसरी चांगली बाजू बदलायचं कारण नाही.

जीकेएन, एनटीएन यांसारख्या कंपन्या मोटार कंपन्यांना शाफ्ट पुरवतात. अशा नामांकित उत्पादकांचा माल पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या खात्रीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात पक्क्या बिलावर मागा. जुना जॉइंट सोबत न्या, दात्यांची संख्या जुळवा. गाडीला एबीएस असेल तर जॉइंटवरची दातेरी रिंगही तपासा. ती नसली किंवा वेगळी असली तर एबीएसचा दिवा पेटतो. अपघातग्रस्त गाडीचा मूळ शाफ्ट मिळाला तर तो नखाच्या परीक्षेत उतरू शकतो. घासून जाड गोळ्या घातलेला जॉइंट मात्र फुकट दिला तरी घेऊ नका. आणि नवा भाग बसून गाडी नीट चालेपर्यंत आपला जुना शाफ्ट हातातून सोडू नका.

गॅरेजमध्ये उभं राहून चार गोष्टी बघा. आतला जॉइंट पट्टीने उचकटून काढावा, शाफ्ट धरून ओढू नये, नाहीतर रोलर आतल्या आत सुटतात. शाफ्ट निघाला की बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल गळतं, तेवढं परत भरलं याची खात्री करा. हब नट आणि सर्क्लिप नवे घाला. आणि तो नट शेवटी टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या मापाने आवळायला सांगा. सैल राहिला तर बेअरिंग जातं.

रस्त्यात तुटला तर

घाटात मला जे ठाऊक नव्हतं ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं. म्हणून गाडी पुढे जात नाही, आणि म्हणूनच गिअरमध्ये टाकूनही उतारावर थांबत नाही. ऑटोमॅटिकचं पार्किंगही अशा वेळी भरवशाचं नाही. ब्रेक दाबूनच ठेवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, कुणाला तरी चाकामागे दगड लावायला सांगा, मगच उतरा. रेस देऊन बघू नका. सुटलेला शाफ्ट फिरत राहिला तर ब्रेकचा होज फोडू शकतो. त्या दिवसापासून माझ्या डिकीत लाकडाचे दोन ओंडके आहेत.

पावसाळा लागण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, एवढंच करा. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करून टॉर्चने चाकामागे बघा. रबराच्या घड्या बोटांनी उघडून चीर शोधा, रिमला आतून काळे शिंतोडे आहेत का पाहा. मग दुसरी बाजू. दहा मिनिटांचं काम आहे. शिंतोडे दिसले तर त्याच आठवड्यात बूट बदलून घ्या. गाडी चालते आहे, आवाज नाही, म्हणून थांबू नका. मी थांबले, आणि घाटात आईचा थरथरता हात हातात घेऊन पावसात बसले.